मिसेस टॅन्सलीचं रेशन

सोमवार, ४ ऑक्टोबर १९४८

पोहोचलो एकदाच्या. मी, सात वर्षांची रोझी आणि दोरीने बांधलेली एक पुठ्ठ्याची पेटी. लीड्सहून निघून तीन गाड्या बदलल्या, मग बस, आणि बस जिथे संपते त्या थेडलबी गावापासून दीड मैल पायी. दोन्हीकडे सपाट, ओली, राखी जमीन. एक झाड नाही. रोझीने विचारलं, आई, इथे माणसं लपतात कुठे? मी म्हटलं, लपायची गरजच नाही, बघणारं आहे कोण? दोघी हसलो. याआधी कधी हसलो होतो ते आठवत नाही.

मिस्टर पेल सामानासाठी हातगाडी घेऊन बसपाशी उभे होते. पेटी पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांची फसवणूकच केली. वय अठ्ठावन्न, विधुर, काठीसारखे सरळ, हातात सुती मोजे, आणि ते घरातसुद्धा काढत नाहीत. वजनं-मापं तपासण्याच्या नोकरीत जन्म गेला. दुकानदारांच्या तराजूंत खोट काढत हिंडायचे. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, पाच फूट चार, बरोबर. नोकरीच्या पत्रात त्यांनी माझी उंची विचारली होती, रोझीचं वय विचारलं होतं, दोघींच्या केसांचा रंगही. तेव्हाच मनात आलं होतं, याला घरकामाला बाई हवी आहे की राजवाड्यावर पहारेकरी? पण जाहिरातीत 'मूल असल्यास हरकत नाही' असं लिहिणारा सगळ्या इंग्लंडात हा एकच निघाला.

घराचं नाव 'सी व्ह्यू'. समुद्र अजिबात दिसत नाही, कारण मध्ये बांध आहे, घराच्या छपराएवढा उंच. असं नाव ठेवणाऱ्या माणसाची मला आधीच गंमत वाटायला लागली आहे.

रात्रीच्या जेवणाला धुरावलेला मासा आणि खरंखुरं लोणी. चादरी पांढऱ्या, कडक. रोझी बूट काढून झोपली आहे. लीड्सला आम्ही दोघी बूट घालूनच झोपायचो, म्हणजे पळताना वेळ जायला नको.

बुधवार, ६ ऑक्टोबर

ही वही रोझीच्या शाळेची आहे. पुढे तिची बेरीज-वजाबाकी, मागची पानं कोरी. कोणाशी बोलायला नसलं की हात लिहायला लागतो.

क्लिफर्ड हॉबडे, म्हणजे माझा नवरा, ट्रामवर कंडक्टर आहे. चॅपेलमध्ये सगळ्यात खालच्या सुरात गातो आणि बायका डोळे मिटून ऐकतात. युद्धावरून पदक घेऊन आला तेव्हा गल्लीने पताका लावल्या होत्या. लोक मला समजावायचे, बिचाऱ्याने तिकडे फार सोसलं, तो राग इकडे निघतो. खोटं आहे. युद्धाच्या आधीही मारायचा, फक्त तेव्हा पदक नव्हतं.

ऑगस्टमध्ये मनगट मोडलं. डॉक्टरने कागदावर लिहिलं, 'जिन्यावरून पडली.' आम्ही तळमजल्यावर दोन खोल्यांत राहतो. पोलिसांकडे गेले तर हवालदाराने दंडाला धरून घरी आणून सोडलं. क्लिफर्डने त्याला चहा दिला, आणि दोघे फुटबॉलवर अर्धा तास बोलत बसले. मी बशा विसळत होते, एका हाताने. पाद्री म्हणाला धीर धरा. त्याच्या बायकोचं नाक शाबूत होतं, तेव्हा धीर धरायचा सल्ला त्याला परवडत होता. मदत-कचेरीतल्या बाईने अर्ज दिला आणि म्हणाली, नवऱ्याची सही आणा. मी विचारलं, कुठल्या हाताची आणू, मारतो त्या का दुसऱ्या? तिने अर्ज परत घेतला.

राहता राहिली आई. आई म्हणाली, तुझा बाप काय कमी मारायचा? मी गेले का कुठे?

नाही गेलीस, आई. म्हणून तर मी गेले.

शनिवार, ९ ऑक्टोबर

मिस्टर पेल हा एक नमुना आहे. चहाची पत्ती रोज स्वतः मोजतात, मोजे घालूनच. लोणी तराजूवर ठेवतात. पावाची कापलेली चकती डोळ्यांसमोर धरून जाडी बघतात. गेल्या बारा वर्षांत मी हात उगारणारा पुरुष पाहिला, आता चमचा उगारणारा पाहते आहे. यांना कोण घाबरणार?

आज चहाच्या वेळी मात्र त्यांनी डोकं चालवलं. म्हणाले, तुमचं आणि मुलीचं रेशनबुक इथल्या दुकानात नोंदवलं, तर हॉबडे नाव सरकारी कागदावर चढेल. तुमच्या नवऱ्याला एक पत्र टाकलं की पत्ता मिळाला. मग म्हणाले, तुमच्या आधी इथे मिसेस टॅन्सली होत्या, विधवा, पदरात सिल्व्हिया नावाची मुलगी, सात वर्षांची. सप्टेंबरमध्ये त्या भावाकडे कॅनडाला गेल्या. तिकडे रेशन नाही, म्हणून दोघींची रेशनबुकं इथेच सोडून गेल्या. ती वापरू. गावात विचारलंच कोणी तर तुम्ही मिसेस टॅन्सली. त्यांना इथे कोणी नीट पाहिलेलंही नाही, त्या बाहेर पडत नसत.

मी मनात म्हटलं, वा रे कंजुषा, कॅनडाला गेलेल्या बाईचं लोणीसुद्धा वाया जाऊ देत नाहीस. पण गोष्ट पटली. माझ्यासाठी एखाद्या पुरुषाने डोकं वापरल्याची ही पहिलीच वेळ, आणि डोकं असं टकलं निघावं याचं हसू आलं. आमची खरी रेशनबुकं आणि ओळखपत्रं त्यांना देऊन टाकली. त्यांनी ती मेजाच्या खणात ठेवून किल्ली खिशात टाकली.

म्हणजे आता एनिड हॉबडे या जगात कुठेच नाही. क्लिफर्ड, शोध आता.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची एक रेघ आहे, बाजूला 'सि.' सिल्व्हियाची उंची. आज मिस्टर पेलनी रोझीला तिथे उभं केलं. ती रेघेपेक्षा अर्धा इंच कमी भरली. ते जरा नाराज झाले. मग म्हणाले, चालेल, तो कुठे मोजपट्टी आणणार आहे.

कोण तो, असं मी विचारलं. म्हणाले, शाळेच्या हजेरीचा माणूस, कधीतरी येतो, नुसता उपचार.

रोझीला ते जेवताना 'सिल्व्हिया' म्हणून हाक मारतात. तिने लगेच ओ दिली की साखरेचा एक खडा. ती आता माझ्याही हाकेला वाकडं तोंड करते, म्हणते मला सिल्व्हिया म्हण. साखरेसाठी ही पोर स्वतःला राणी एलिझाबेथ म्हणवून घेईल. मला हे सगळं पोरकट वाटतं आणि थोडं किळसवाणंही. म्हाताऱ्याला कुत्र्याचं पिल्लू हवं होतं, तर कुत्रा पाळायचा.

शाळेत घालायचं विचारलं तर म्हणाले, घाई काय आहे.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

हजेरीचा माणूस येऊन गेला.

उपचार कसला? सकाळपासून तयारी. मिस्टर पेलनी मला माळ्यावरून एक राखी स्वेटर आणून दिला, मिसेस टॅन्सली मागे ठेवून गेल्या म्हणाले. रोझीला शाल गुंडाळून शेगडीजवळ बसवलं आणि सांगितलं, कोणी विचारलं तर खोक. रोझीने असा खोकला काढला की नाटक कंपनीने तिला पळवून न्यावं.

माणूस सायकलवरून आला, चिखलाने भरलेला, नाकातून पाणी गळत होतं. त्याच्या कागदावर सिल्व्हिया टॅन्सली, एप्रिलमध्ये शाळेत नाव घातलं, जूनपासून गैरहजर, दोन पत्रांना उत्तर नाही, तिसऱ्याला कळवलं होतं की मुलगी आजारी आहे. त्याला मुलगी आणि आई दोघींना डोळ्यांनी बघायचं होतं. बघितलं कुठे? शेगडीला हात शेकत बसला होता. रोझीला नाव विचारलं, ती म्हणाली सिल्व्हिया टॅन्सली, आणि खोकली. मला म्हणाला, इथे सही करा, मिसेस टॅन्सली. मी केली. ईस्टरपर्यंत शाळेची सूट मिळाली. सरकारने डोळे दिलेल्या माणसाला एवढं आंधळं असता येतं, याची मला मौज वाटली.

तो गेल्यावर मिस्टर पेल गुणगुणत होते. पहिल्यांदाच. कप स्वतः विसळले.

रात्रीच्या जेवणाला लोण्याऐवजी मार्जरीन. रोझीने साखरेसाठी हात पुढे केला, तर त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भांडं आवरून ठेवावं तसं आम्हाला आवरून ठेवलं.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

पावाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. नेहमी पेलच फाटकाशी जाऊन पाव घेतात. आज ते सिमेंटच्या परवान्यासाठी कचेरीत गेले होते, म्हणून मी गेले.

गाडी चालवणारी बाई आहे, ऑलिव्ह स्टब्ज. पन्नाशीची, नवऱ्याची विजार, डोक्याला फडकं, तोंडात विझलेली सिगरेट. म्हणाली, बऱ्या झालात वाटतं, मिसेस टॅन्सली? मी म्हटलं, हो, बरी आहे. तिने पाव माझ्या हातात ठेवला आणि हात सोडलाच नाही. उलटा-सुलटा करून पाहिला. मग शांतपणे म्हणाली, वा, बोटं परत उगवली की.

मला कळेना. ती म्हणाली, अगं पोरी, मला कशाला फसवतेस? मे महिन्यात एकदा मागच्या खिडकीतून पाव घ्यायला टॅन्सलीबाईंचा हात बाहेर आला होता. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली, म्हणाली होती ती. बाईने स्वतःला काय नाव घ्यावं ते मी विचारत नाही, युद्धात माझ्या नवऱ्याने तीन नावांनी तीन बायका केल्या. पण ती कुठे आहे तेवढं सांग.

मी म्हटलं, कॅनडाला. भावाकडे.

ऑलिव्हने सिगरेट तोंडातून काढली. म्हणाली, कॅनडा? तुझा तो मोजेवाला सगळ्या गावाला सांगतो की बाई वर आजारी पडून आहे. दर आठवड्याला तिचं रेशन नेतो. गेल्या शुक्रवारी वाण्याला म्हणाला, आता जरा उठून बसते.

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. माझं खरं नाव तिला सांगितलं, एवढं आठवतं. ती म्हणाली, एनिड, शुक्रवारी बोलू, आणि गाडी वळवली.

मी मघापासून स्वतःला समजावते आहे. कॅनडाला गेली असं गावाला सांगितलं असतं तर रेशन बंद झालं असतं. तेवढ्या लोण्यासाठी हा माणूस खोटं बोलेल. नक्की बोलेल. चिकट आहे, बास, दुसरं काही नाही.

बुधवार, २७ ऑक्टोबर

पेल बांधावर वाळू भरायला गेले तेव्हा मी माळ्यावर गेले.

एक ट्रंक. वर राखी कपडे, खाली बाईचा हिवाळी कोट, जाड, जवळजवळ नवा. त्याच्याखाली मुलीचे बूट, दोन जोड. एक लोकरी टोपी, आत शिवलेलं नाव. त्याखाली नवऱ्याच्या मृत्यूची तार आणि पेन्शनचं पुस्तक.

कॅनडाला लोक कोट न घेता जातात का? सिल्व्हिया काय अनवाणी गेली?

आणखी एक. अंगणात धुण्याची खोली आहे, मी तिथेच कपडे उकळते. खोलीची अर्धी जमीन जुन्या विटांची आहे आणि अर्धी नव्या सिमेंटची, गुळगुळीत, पाणसळीत. आल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, अर्धीच का केली? ते म्हणाले होते, सिमेंट सरकारी परवान्यावर मिळतं, पुढच्या वेळी बाकीची करू.

मी तीन आठवडे त्या सिमेंटवर उभी राहून कपडे धुते आहे.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

सरळ मागितलं. म्हटलं, आमची रेशनबुकं आणि ओळखपत्रं द्या, आम्ही निघतो.

पेल पाव कापत होता. वर न बघता म्हणाला, ती मी जाळली, तुमच्याच सुरक्षिततेसाठी. मग खिशातून एक पाकीट काढून मेजावर ठेवलं. त्यावर क्लिफर्डचं नाव, आमच्या घरचा पत्ता, तिकीटसुद्धा लावलेलं. म्हणाला, तुम्ही समजूतदार आहात, हे टाकायची वेळ येणार नाही.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, गावाला सांगेन तुम्ही काय माणूस आहात.

तो म्हणाला, सांगणार कोण? एनिड हॉबडे या घरात कधी आलीच नाही. मिसेस टॅन्सली आणि तिची मुलगी ठीक आहेत, आठवड्यापूर्वी सरकारने येऊन पाहिलंय. तुम्हीच सही केली आहे. हे बोलताना आवाज जरासुद्धा चढला नाही. पावाची चकती मात्र डोळ्यांसमोर धरून पाहिली.

क्लिफर्ड निदान ओरडायचा. भिंतीपलीकडे ऐकू जायचं, शेजारीण खोकायची. याचा आवाज चमच्याबाहेर जात नाही.

पुढच्या फाटकाला आता कुलूप आहे. पाव तो स्वतः आणतो.

रविवार, ३१ ऑक्टोबर

विचार केला. या देशात मला शोधणारा एकच माणूस आहे. तो आला तर मला इथून नेईल. नेईल आणि—

त्या पाकिटासाठी मी परवा स्वतः हात पुढे केला होता. टाका म्हणणार होते. ओठावर आलं होतं. माझी मलाच शिसारी आली. एकाने मारू नये म्हणून दुसऱ्याला बोलवायचं, एवढंच बाईच्या हातात ठेवलं आहे या लोकांनी. हवालदार, पाद्री, डॉक्टर, तो नाक गळका हजेरीवाला. सगळे सभ्य. सगळ्यांनी माझ्या घरचा नाहीतर याच्या घरचा चहा प्यायला.

नाही. क्लिफर्ड नाही. रोझी पुन्हा बूट घालून झोपणार नाही.

पण आज रात्री मीच तिला बूट घालायला सांगितले आहेत.

मंगळवार, २ नोव्हेंबर

दिवसा आम्हाला कोठीच्या खोलीत कोंडतो. म्हणतो, तुम्ही हिंडता त्याने काम अडतं. कोठीला मागच्या कोपऱ्यात खिडकी आहे, तीन गज; तिथून फाटक तिरकं दिसतं.

गाडी आली. तो फाटकाशी पाव घेत होता. ऑलिव्ह घराकडे बघत होती. मी गजातून उजवा हात बाहेर काढला आणि दोन बोटं मुडपली. तिने पाहिलं. ताजा पाव देते म्हणून गाडीत शिरली, मग पेलला काहीतरी विचारून हसली, शिट्टी मारत गेली.

पाव त्याने वजन करून माझ्याकडे टाकला. वजन बरोबर होतं. आत मऊ भागात कागद होता.

'गावच्या पोलिसाकडे गेले. म्हणतो पेल सज्जन आहे, मायलेकी दोघी आहेत, सही आहे. गाढव. शुक्रवारी सव्वा अकराला बांधाच्या मागून येते. मागची खिडकी. पोरगी आधी.'

माझी सही.

एक गज खालून गंजलेला आहे. चमच्याने खरवडायला सुरुवात केली. रोझी विचारते, आपण काय करतोय? म्हटलं, जागा करतोय.

बुधवार, ३ नोव्हेंबर

गज हलतो. अजून निघत नाही. नखं गेली.

रोझीला सांगितलं, तुझं नाव सांग. ती म्हणाली सिल्व्हिया. पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाली, रोझलिंड हॉबडे, पण ते सांगितलं तर ते रागावतात.

आज दहा वेळा म्हणून घेतलं. अकराव्या वेळी रडली.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

सिमेंट आलं. पाच पोती. हातगाडीवरून एकेक आणताना मी खिडकीतून पाहिलं.

संध्याकाळी तो धुण्याच्या खोलीत गुडघे टेकून विटा काढत होता. मोजे काढले होते. पहिल्यांदाच हात पाहिले, पांढरे, बाळासारखे. अशा हातांनी—

दार उघडून रोझीला बाहेर ये म्हणाला. मी मध्ये उभी राहिले. तो म्हणाला, नुसती उंची बघायची होती. मी म्हटलं, चौकटीवर आहे ती, बघा. कुंपणाच्या आत दात विचकणाऱ्या कुत्र्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि गेला.

घाबरले आहे. लिहायला लाज वाटते. एवढासा, चहाची पत्ती मोजणारा—

शुक्रवार, ५ नोव्हेंबर. सकाळ

गज निघाला. एकच. माझं डोकं जात नाही. रोझीचं जातं.

तो धुण्याच्या खोलीत सिमेंट कालवतो आहे. फावड्याचा आवाज येतो. आवाज आहे तोवर तो तिकडे आहे.

म्हणाला, दुपारी खोली पुरी होईल, मग तुम्ही दोघी येऊन बघा.

अकरा

कोठीच्या दाराला आतून पिठाचं पिंप लावलं आहे. त्यावर बटाट्याचं पोतं. वर मी बसणार.

ऑलिव्ह, ही वही रोझीच्या हाती देते आहे. पुढची बेरीज तिची आहे, मागचं सगळं माझं. मुलीचं नाव रोझलिंड हॉबडे. ती सिल्व्हिया म्हणाली तर ऐकू नका. सिल्व्हिया आणि तिची आई धुण्याच्या खोलीत डाव्या बाजूला नव्या सिमेंटखाली आहेत. मला वाटतं असं नाही, मला माहीत आहे. ट्रंक माळ्यावर आहे.

पोलिसाला आधी ही वही वाचायला लावा, मग तोंड उघडू द्या. त्याला चहा देऊ नका.

तिला बापाकडे देऊ नका. कोणी कागद दाखवला तरी नाही, पदक दाखवलं तरी नाही. माझ्या आईकडेही नाही. तुमच्याकडे ठेवता आलं तर—

तिला दुधात साखर लागते. खोकला खरा नाही.

दिसलात. बांधावरून तुम्ही उतरता आहात, घसरत, ती विजार चिखलात. हसू येतंय मला.

रोझी खिडकीत चढली. खांदा अडकला. सुटला.

फावडं थांबलं.

पावलं अंगणात. रोझी हात पुढे करून उभी आहे, वही दे म्हणते. एवढं लिहून देते. कडी हलवतो आहे, ओरडत नाही, मिसेस टॅन्सली, जरा दार उघडा, एवढंच पुन्हा पुन्हा. पिंप सरकतं आहे. मी पाठ लावली आहे. ऑलिव्ह, गाडी चालू ठेवा, माझ्यासाठी थांबू नका. रोझीला सांगा, आई मागून चालत येते आहे, फक्त थोडा उशीर—